पुण्यात १४०, भाट्याला १५८

आधी प्रश्न थोडक्यात देतो. विचारणारे गृहस्थ ४७ वर्षांचे आहेत. आठ वर्षं पुण्यात नियमित पळत होते, एप्रिलमध्ये बदली होऊन रत्नागिरीला आले. ताशी आठ किलोमीटरच्या वेगाला पुण्यात मनगटावरचं घड्याळ १४० च्या आसपास ठोके दाखवायचं. आता भाट्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या घट्ट वाळूत, त्याच वेगाला सुरुवातीला १४४ आणि चाळीस मिनिटांनी १५८. "हृदय कमजोर झालं का?" हा मुख्य प्रश्न. शिवाय बूट बांधतानाच ६६ चे ८५ होतात, ते का? पळून झाल्यावर एकदम थांबलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, ती का? आणि वडील ७४ वर्षांचे, बीपीसाठी मेटोप्रोलॉल घेतात, कितीही चालले तरी ठोके ९५ च्या वर जात नाहीत, मग त्यांच्या हृदयाला व्यायाम मिळतो की नाही?

मी फिजिशियन आहे. तीन वर्षं मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आणि नंतरची सत्तावीस वर्षं याच किनाऱ्यावर प्रॅक्टिस केली. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं हृदय कमजोर झालंय असं मला वाटत नाही. ते का, हे समजायला मात्र एक गोष्ट डोक्यातून काढावी लागेल. हृदय मालक आहे आणि बाकीचं शरीर त्याच्या हुकमाने चालतं, असं आपण धरून चालतो. व्यायामात प्रकार बराचसा उलटा असतो. रक्त किती लागणार ते पायांचे स्नायू ठरवतात, कोकणात त्यांच्या जोडीला कातडीही ठरवते, आणि हृदय ती मागणी भागवत राहतं.

माझं आजोळ गुहागरचं. घरामागे नारळी-पोफळीची वाडी. विहिरीवर पूर्वी रहाट होता, मला कळायला लागलं तेव्हा पंप आला होता. पंपाचं पाणी मुख्य पाटात पडायचं, पाटातून लहान पाट फुटायचे, आणि प्रत्येक माडाच्या आळ्याशी मातीचा बांध. ज्या आळ्याला पाणी हवं त्याचा बांध खोऱ्याने फोडायचा, भरलं की मातीने बुजवायचा. लहानपणी आम्ही पोरांनी एकदा गंमत म्हणून दहा-बारा आळी एकदम उघडली. पाटातलं पाणी झरकन खाली गेलं आणि शेवटच्या पोफळींना थेंब मिळेना. मामाने जे काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण रक्ताभिसरण मला कॉलेजात शिरायच्या आधी तिथेच समजलं. पंप म्हणजे हृदय, पाटातली पातळी म्हणजे रक्तदाब, आणि आळ्यांची तोंडं म्हणजे अवयवांतल्या बारीक धमन्या. फरक इतकाच, की शरीरात आळ्यांत गेलेलं पाणी परत विहिरीतच येतं. ते परत येण्याला फार महत्त्व आहे, तुमच्या अंधारीच्या वेळी त्याकडे येतो.

बूट बांधतानाच्या ८५ पासून सुरू करू. हृदयाला येणाऱ्या सगळ्या नसांचं काम औषधाने थांबवलं, तर तरुण माणसाचं हृदय आपल्या आपण मिनिटाला साधारण १०० ठोके देतं, वय वाढेल तसे थोडे कमी. मग बसल्या जागी तुमचे ६६ कसे? कारण मेंदूतून निघणारी व्हेगस नावाची नस दिवसरात्र ब्रेक दाबून बसलेली असते. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदयं घेऊन हे दाखवलं. एकाची व्हेगस चेतवली, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्यावर सोडलं, तर तेही मंदावलं. म्हणजे नस एक रसायन सोडते. पुढे ते अॅसिटिलकोलीन असल्याचं ठरलं आणि १९३६ मध्ये लोवींना हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल मिळालं. आमच्याकडे याचा प्रयोग अधूनमधून आपोआप होतो. एखादं पोर धोतऱ्याच्या बिया खातं आणि संध्याकाळी आईबाप त्याला घेऊन येतात. तोंड कोरडं ठक्क, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, बडबड चाललेली आणि नाडी १४०. धोतऱ्यात अॅट्रोपीन असतं, ते अॅसिटिलकोलीनची वाट अडवतं. ब्रेकवरचा पायच निघाला.

व्यायामाच्या सुरुवातीला मेंदू तोच पाय उचलतो, आणि स्नायूंकडून काही निरोप यायच्या आधीच उचलतो. कोपनहेगनमध्ये क्रोग आणि लिंडहार्ड यांनी १९१३ साली नोंदवलं होतं, की व्यायाम सुरू होताच, रसायनं साठायला वेळच मिळालेला नसताना, ठोके आणि श्वास वाढतात. मेंदूचा जो भाग पायांना "चला" म्हणतो, तोच त्याच क्षणी हृदयाच्या केंद्रालाही कळवतो. आठ वर्षं रोज बूट बांधून पळणाऱ्या माणसाचा मेंदू बूट बघूनच अर्धी तयारी करतो. स्ट्रेस टेस्टला, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी काढायच्या तपासणीला, आलेल्या पेशंटचे ठोके पट्टा सुरू व्हायच्या आधीच शंभरीला टेकलेले मी रोज बघतो. त्यात थोडी भीतीही असते. तुमचे ६६ चे ८५ व्हेगसने ब्रेक सैल केल्याचे आहेत. ते बघून मला उलट बरं वाटलं.

शंभराच्या आसपास पोचेपर्यंत बरंचसं काम ब्रेक सोडल्यानेच होतं. त्यापुढे अॅक्सिलरेटर लागतो, म्हणजे सिंपथेटिक नसा आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून रक्तात येणारं अॅड्रेनालीन. त्याने ठोके वाढतात आणि प्रत्येक ठोका जोरकसही होतो. हृदय बदललेल्या माणसात या दोन गोष्टी सुट्या सुट्या बघायला मिळतात. नव्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, त्यामुळे बसल्या जागी ठोके ९० ते ११०. चालायला लागलं की पहिली काही मिनिटं फारसा फरक पडत नाही, मग रक्तातलं अॅड्रेनालीन पोचलं की हळूहळू चढतात, आणि थांबल्यावर उतरायलाही तितकाच वेळ घेतात. तरीही ही माणसं चालतात, जिने चढतात, काही जण पळतातसुद्धा. कारण ठोके वाढायच्या आधी त्यांचं हृदय दर ठोक्याला जास्त रक्त टाकू लागतं. शिरांतून जास्त रक्त आलं की हृदयाचे कप्पे जास्त ताणले जातात, आणि ताणलेला स्नायू जास्त जोराने आवळतो. फ्रँक आणि स्टार्लिंग या दोघांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. जेवढं येईल तेवढं पुढे ढकलायचं, इतका साधा.

आकडे मांडू. बसलेले असताना ६६ ठोके, दर ठोक्याला ७५ मिलीलिटर धरले तर मिनिटाला पाच लिटर. अंगात एकूण रक्तही तेवढंच, म्हणजे मिनिटात एक फेरी. त्यातलं स्नायूंना जेमतेम एक लिटर, मूत्रपिंडांना त्याहून किंचित जास्त, आतडी आणि यकृताला मिळून सुमारे दीड लिटर, मेंदूला पाऊण लिटर, आणि खुद्द हृदयाच्या स्नायूला पाव लिटर. आता तुम्ही दमछाक होईपर्यंत धावलात तर एकूण वीस लिटरपर्यंत जाल. त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त एकट्या स्नायूंकडे, म्हणजे एका लिटरचे सोळा. मेंदूचं जवळपास तेवढंच राहतं. मूत्रपिंड आणि आतडी पाव-पाव लिटरच्या आसपास आणली जातात. भरपेट घावणे खाऊन पळायला गेलं की पोटात पिळा का पडतो, त्याचं एक कारण हे.

हे वाटप करतं कोण, हा मला सगळ्यात आवडणारा भाग, तेव्हा जरा रेंगाळतो. सिंपथेटिक नसा अंगभरच्या बारीक धमन्यांना "आवळा" असाच हुकूम देतात. आतडी ऐकतात, मूत्रपिंड ऐकतं. काम करणाऱ्या पोटरीलाही तोच हुकूम जातो, पण पोटरी तो मानत नाही. काम करणाऱ्या स्नायूतून पोटॅशियम बाहेर पडतं, अॅडिनोसिन साठतं, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आम्ल वाढतं. तिथला प्राणवायू घटला की रक्तातल्या लाल पेशीसुद्धा एटीपी नावाचं रसायन सोडतात. धमनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड निघतं. यांतलं प्रत्येक रसायन धमनीला "सैल हो" म्हणतं, आणि त्या गलक्यात वरून आलेला हुकूम बुडून जातो. १९६२ मध्ये रेमेन्सनायडर, मिचेल आणि सार्नॉफ यांनी हे प्राण्यांमध्ये दाखवलं. नस तीच, हुकूम तोच, पण आकुंचन पावणाऱ्या स्नायूत त्याची धार बोथट होते. आळ्याने आपला बांध आतून स्वतःच फोडावा, तसं. आणि फोडायला फार लागतही नाही. नळीतून वाहणारं पाणी तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतं. धमनी नुसती २० टक्क्यांनी रुंदावली तर तेवढ्याच दाबाला प्रवाह दुप्पट. दुप्पट रुंदावली तर सोळापट.

स्नायूंची ही बंडखोरी नसती तर काय झालं असतं, हे कोकणातल्या डॉक्टरला पुस्तकात शोधावं लागत नाही. लाल विंचू चावलेला माणूस बघावा. विषाने सिंपथेटिक नसा मोकाट सुटतात आणि अॅड्रेनालीनच्या जातीच्या रसायनांचं वादळ उठतं. माणूस पळत नसतो, खाटेवर पडलेला असतो. स्नायूंत "सैल हो" म्हणणारं काही साठलेलं नसतं, त्यामुळे सगळ्या धमन्या मुकाट्याने आवळतात. हातपाय बर्फासारखे गार, घामाच्या धारा, बीपी आभाळाला. हृदयाला बंद दारांवर धडका द्याव्या लागतात, ते थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात यावर प्राझोसिन वापरून दाखवलं. ती गोळी धमन्यांपुरता "आवळा" हा हुकूम अडवते, आणि दारं उघडली की हृदयावरचा भार उतरतो. रायगड-रत्नागिरीच्या खेड्यांतली किती माणसं त्यामुळे वाचली ते इथल्या जुन्या डॉक्टरांना विचारा. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला वाटतं, फार उशिरा. तर, तुम्ही भाट्यावर धावता तेव्हा तुमच्या सिंपथेटिक नसाही जोरात असतात. तरी तुम्ही घामाघूम होऊन हसत घरी येता, ते पायांतल्या त्या स्थानिक कारभारामुळे.

रक्त जास्त जातं ही गोष्ट अर्धीच. गेलेल्या रक्तातून प्राणवायू उचललाही जास्त जातो. एक लिटर रक्तात सुमारे २०० मिलीलिटर प्राणवायू असतो आणि बसलेले असताना शरीर त्यातला चौथा हिस्साच घेतं. जोराच्या व्यायामात तीन चतुर्थांशापर्यंत. चौपट रक्त, त्यातून तिप्पट उचल, म्हणजे प्राणवायूचा खप बारापट, आणि ठोके वाढलेले फक्त अडीचपट. घड्याळातला आकडा या हिशेबाचा किती लहान तुकडा आहे बघा. याला अपवाद खुद्द हृदयाच्या स्नायूचा. तो आरामातही सत्तर-ऐंशी टक्के प्राणवायू उचलूनच बसलेला असतो. त्याला जास्त हवा असेल तर जास्त रक्त आणण्यावाचून मार्ग नाही. शिवाय त्याच्या डाव्या बाजूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतं. ७० ठोक्यांना एका ठोक्याचा वेळ ०.८६ सेकंद, १७० ला ०.३५, आणि कात्री लागते ती विश्रांतीलाच. म्हणून धमनीत अडथळा असलेल्या माणसाची छाती घरी बसून दुखत नाही आणि रत्नदुर्ग किल्ला चढताना भरून येते.

आता बीपी. इतक्या आळ्यांची तोंडं उघडली तर पाटातली पातळी खाली जायला हवी. प्रत्यक्षात वरचं बीपी १२० वरून १८० ते २०० पर्यंत चढतं, खालचं आहे तिथेच राहतं किंवा किंचित उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांत दाब मोजणारी ठिकाणं असतात. एरवी दाब वाढला की ती ठोके कमी करायला लावतात. व्यायामात ती बंद पडत नाहीत, त्यांची खूण वर सरकते. छपरावरच्या टाकीतला फ्लोट उचलून वर बांधावा तसं, तो पाणी तोडेल पण वरच्या पातळीला. आणि स्नायूही वर निरोप पाठवत असतात. १९३७ मध्ये आलम आणि स्मर्क यांनी एक सुरेख प्रयोग केला. व्यायाम चालू असतानाच हातापायाला पट्टा आवळून त्यातलं रक्त अडवलं, मग व्यायाम थांबवला. माणूस स्वस्थ बसला तरी बीपी चढलेलंच राहिलं, पट्टा सोडल्यावर उतरलं. अडकलेली रसायनं नसांना टोचत होती, आणि नसा मेंदूला सांगत होत्या की इथे रक्त कमी पडतंय.

म्हणून पळणं वेगळं आणि चिरा उचलणं वेगळं. जांभ्याचा चिरा उचलताना माणूस श्वास कोंडतो, स्नायू दाबून धरतो. घट्ट आवळलेल्या स्नायूतल्या धमन्या बाहेरून चेपल्या जातात, रसायनं साठतात, आणि वरचं-खालचं दोन्ही बीपी उसळतं, ठोके मात्र त्या मानाने फार वाढत नाहीत. माझ्याकडे येणारा एक रापणकर जाळं ओढताना डोकं ठणकतं म्हणायचा. "छातीत काय नाय डॉक्टर, डोक्यात घुमतंय." दवाखान्यात बीपी १५०. त्याला टेबलाची कड दोन मिनिटं ओढून धरायला लावली आणि पुन्हा मोजलं तर २०० च्या पुढे, नाडी अवघी ९६. त्याच्या हातात तुमचं घड्याळ असतं तर त्याने "सगळं ठीक" असंच दाखवलं असतं.

आता तुमच्या १५८ कडे. भाट्याची ओली घट्ट वाळू रस्त्यापेक्षा थोडीच जास्त मेहनत मागते. सुक्या भुसभुशीत वाळूत मात्र खर्च दीडपटीवर जातो, तेव्हा भरतीच्या वेळी वर सरकून पळत असाल तर आकड्यांत तेही धरा. पण मुख्य कारण हवा. मे महिन्यात रत्नागिरीचा दुपारचा पारा पुण्यापेक्षा चार-पाच अंशांनी कमीच असतो, म्हणून लोक फसतात. तुम्ही पळताना तासाला साधारण साडेपाचशे किलोकॅलरी खर्चता, आणि त्यातला तीन चतुर्थांश किंवा अधिक भाग उष्णता म्हणून बाहेर टाकावा लागतो. एक लिटर घाम सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. सुकला तर! पुण्याच्या कोरड्या हवेत तो सुकतो, तुम्हाला कळतही नाही. इथे बनियन पिळून काढावं लागतं. हनुवटीवरून गळालेल्या घामाने अंग गार होत नाही, नुसतं पाणी आणि मीठ जातं.

घाम सुकत नाही म्हटल्यावर शरीर दुसरा उपाय करतं, कातडीकडे जास्त रक्त पाठवतं. आरामात तिला पाव-अर्धा लिटर मिळतं, गरमीत काही लिटर जाऊ शकतं. म्हणजे पायांच्या जोडीला दुसरं गिऱ्हाईक उभं राहिलं. कातडीच्या शिरा सैल असतात, त्यांत रक्त तुंबतं. घामाने रक्तातलं पाणीही घटतं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी झालं, की दर ठोक्याला बाहेर पडणारंही कमी. अंदाजाचे आकडे घेऊन तुमचाच हिशेब करतो. सुरुवातीला १४४ ठोके, दर ठोक्याला ११५ मिलीलिटर, एकूण साडेसोळा लिटर. चाळीस मिनिटांनी दर ठोक्याला १०५ उरले असतील, तर तेवढेच साडेसोळा लिटर भागवायला ठोके लागतात १५८. पंपाने काम कमी केलेलं नाही. बादली लहान झाली म्हणून फेऱ्या वाढल्या. स्थिर वेगाला दहा-पंधरा मिनिटांनंतर ठोके असे सरकत जाणं सगळ्यांनाच होतं, दमट हवेत ते जास्त दिसतं.

याला शरीर सरावतं. दहा ते चौदा दिवस रोज या हवेत घाम काढला की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि त्याच वेगाला ठोके उतरतात. पण तुमच्या पत्रावरून तुम्ही दिवसभर एसीच्या ऑफिसात आणि आठवड्यातून दोनदाच पळता असं दिसतं. त्याने सराव होत नाही. रोज अर्धा-पाऊण तास, पहिले दोन आठवडे वेग पुण्याच्या ठेवणीतला नको, ठोके १४० राहतील असा. पळायच्या आधी आणि नंतर वजन करा, एक किलो घटलं म्हणजे एक लिटर पाणी गेलं. घरी येऊन कोकम सरबत चिमूटभर मीठ घालून घ्या, बाटलीतलं रंगीत पाणी विकत घ्यायची गरज नाही.

अंधारीचं कारण विहिरीच्या बाजूला आहे. उभ्या माणसाच्या पायातून रक्त वर चढवायचं काम पोटऱ्या करतात. दर पावलाला पोटरी आवळते, शिरा पिळल्या जातात आणि झडपांमुळे रक्त वरच जातं. तुम्ही गचकन थांबता तेव्हा हा दुसरा पंप बंद पडतो, पण पायांतल्या धमन्यांची तोंडं अजून सताड उघडी, कातडीचीही. रक्त खाली साठतं, हृदयाला भरायला काही मिळत नाही, बीपी कोसळतं, मेंदूपुढे अंधार. हे मी स्वतःच्या चुकीने शिकलो. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत एका तगड्या शिक्षकांची स्ट्रेस टेस्ट चालू होती. ईसीजीतली एक जागा नीट बघायची म्हणून मी पट्टा एकदम थांबवला आणि त्यांना तसंच उभं ठेवून कागद वाचत बसलो. मिनिटभरात ते पांढरे पडले आणि माझ्या अंगावर कलंडले. बीपी ८०. आडवं करून पाय उशीवर ठेवले, दोन मिनिटांत उठून बसले आणि "रिपोर्ट काय?" म्हणाले. रिपोर्ट उत्तम होता. घाम मला सुटला होता. तेव्हापासून पट्टा हळूहळू उतरवतो, नाहीतर माणसाला लगेच आडवं करतो. तुम्हीही शेवटची पाच-सात मिनिटं चालत घालवा. अंधारी आलीच तर खांबाला टेकून उभं राहू नका, वाळूत आडवे व्हा.

घड्याळाबद्दल थोडं. मनगटावरचा हिरवा दिवा कातडीतल्या रक्ताची लहर बघतो, आणि पळताना हात हलण्याची लहरही त्यात मिसळते. पहिल्याच मिनिटाला १६५-१७० दिसलं तर बहुधा ते तुमच्या पावलांचे आकडे असतात. थांबून मानेवर किंवा मनगटावर बोटं ठेवा, पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. "२२० वजा वय" हे सूत्रही कपाळाला चिकटवून घेऊ नका. तुमच्या वयाला ते १७३ देतं, दुसरं प्रचलित सूत्र १७५ देतं, आणि प्रत्यक्ष माणसात दहा-बारा ठोके इकडे-तिकडे सहज असतात. पळताना तुम्हाला पूर्ण वाक्य बोलता येतं की दोन-दोन शब्द, हे मला त्या सूत्रापेक्षा जास्त सांगून जातं.

मला काळजी वाटेल ती वेगळ्या गोष्टींची. पळत असतानाच, थांबल्यावर नव्हे, चक्कर येऊन पडणं. छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात ओढ, जी थांबल्यावर जाते. ठोके बेताल होणं. महिन्याभरापूर्वी सहज होणाऱ्या चढाला आता धाप लागणं. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं. थांबल्यावर चालत असताना पहिल्या मिनिटात ठोके बारानेही उतरत नसतील तर तेही, कारण याचा अर्थ व्हेगस ब्रेकवर परत यायला कुचराई करतेय. यातलं काही असेल तर पळणं थांबवून आधी तपासून घ्या. काही नसलं तरी ४७ व्या वर्षी एकदा बीपी, साखर, चरबी आणि ईसीजी करून घ्यायला हरकत नाही.

राहिले वडील. मेटोप्रोलॉल बीटा-ब्लॉकर आहे, अॅक्सिलरेटरखाली ठेवलेली वीट. ठोके ९५ वर अडकणं हे गोळी लागू पडल्याचं चिन्ह. व्यायाम त्यांना मिळतोच, कारण त्यांचं हृदय दर ठोक्याला जास्त रक्त टाकून बरंचसं भरून काढतं, स्नायू उचल वाढवतात, आणि पायांतली आळी तशीच उघडतात. त्यांच्यासाठी ठोक्यांचे तक्ते निरुपयोगी आहेत. थोडी धाप लागावी पण तुमच्याशी गप्पा मारता याव्यात, एवढ्या वेगाने त्यांना मांडवीला फिरवा. उन्हं उतरल्यावरच, कारण या गोळीवर गरमी जरा लवकर बाधते. आणि ठोके वाढत नाहीत म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. ती एकदम सोडली तर दबून राहिलेला अॅक्सिलरेटर उसळतो, छातीत दुखू शकतं, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. कमी करायचीच असेल तर ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांकडून, टप्प्याटप्प्याने.